अर्धवट कोर्स कुणी सोडला?

"तुमचे लोक गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून हे असं होतं."

हे वाक्य मी कृष्णाकाठच्या एका दवाखान्यात ऐकलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की भांडण त्या एका दवाखान्याशी होतं, आणि माझं भांडण त्याच्याहून लई मोठं आहे.

खाटेवर माझी आत्ती होती. अठरा वर्षं ठेकेदाराकडं गटारकाम. हातमोजे मिळायचे फोटो काढायच्या दिवशी, फोटो झाला की परत पोत्यात. पायात स्लिपर. गाळ उपसताना काच घुसली, तिनं हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी परत गाळात उभी राहिली. न राहून करणार काय, खाडा पडला की मजुरी कापतात. आठव्या दिवशी पाय घागरीसारखा सुजला.

मी गोदीतून सुट्टी टाकून आलो. डॉक्टरनं एक कागद हातात दिला. जखमेतला पू तपासला होता. मी मॅट्रिक आहे, अक्षरं ओळखतो. डावीकडं औषधांची नावं, उजवीकडं प्रत्येक नावासमोर एक अक्षर. आर. आर. आर. वरपासून खालपर्यंत आर. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या सुटलेल्या.

"साहेब, आर म्हणजे?"

"रेझिस्टंट. या औषधाला जंतू दाद देत नाही."

आणि मग ते वाक्य. तुमचे लोक कोर्स अर्धवट सोडतात.

मी आत्तीला विचारलं, "आत्ती, आधी कसल्या गोळ्या खाल्ल्या व्हत्यास का?"

"आरं बाळा, डोकं दुखलं तर दुकानातनं एक गोळी. दुसरी कंची? कोर्स कराया पैसं लागत्यात, लेका."

पाय घोट्याच्या वर कापला. आत्ती जगली. आता उंबऱ्यात बसून असते. ठेकेदाराच्या मस्टरवर तिचं नावच नाही. म्हणजे कागदोपत्री तिला पायही नव्हता आणि तो गेलाही नाही.

दोस्तांनो, माझा सवाल साधा आहे. जिनं आयुष्यात कोर्स सुरूच केला नाही, तिनं तो अर्धवट सोडला कसा?

या सवालाचं उत्तर हुडकत मी सहा महिने घातले. आपल्या चळवळीतली एक पोरगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनं मला वहीत चित्रं काढून समजावलं. मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. कळायला पदवी लागत नाही.

आपण ॲमॉक्सिसिलिनची गोळी खातो तेव्हा निम्म्याहून जास्त औषध जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. ते जातं गटारात. शहरातल्या सगळ्या पोटांतले जंतू तिथंच येतात. दवाखान्याचं पाणी तिथंच, कोंबड्यांच्या शेडी धुतलेलं पाणी तिथंच, कारखान्याचं पाणी तिथंच. औषध एवढं पातळ झालेलं असतं की जंतू मरत नाही, पण जो थोडा चिवट आहे त्याचं फावतं. ज्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिन शोधलं, त्यानंच १९४५ साली नोबेल घेताना बजावलं होतं की कमी मात्रेत औषध दिलं की जंतू त्याला निर्ढावतो. जगानं ते ऐकलं आणि पेशंटच्या तोंडावर फेकलं. नाल्याला कुणी ऐकवलं नाही. आणि नाला म्हणजे रात्रंदिवस चालणारी कमी मात्राच.

पुढचं जास्त महत्त्वाचं. जंतूची ही ताकद त्याच्या जनुकात असते, आणि ते जनुक तो फक्त पोराबाळांना देत नाही, शेजाऱ्यालाही देतो. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज छोटी गोल कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याला नळी लावतो आणि त्या कडीची नक्कल त्याच्यात सोडतो. दुसरा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. मेलेल्या जंतूचं सांडलेलं जनुक जिवंत जंतू उचलतो. जंतू खाणारे विषाणूसुद्धा एकाचं जनुक दुसऱ्यात नेऊन टाकतात. एका कडीवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. एकदा देवाणघेवाण झाली की कालपर्यंत निरुपद्रवी असलेला पाण्यातला जंतू कोठार होतो, आणि माणसाला आजारी पाडणारा जंतू त्या कोठारातनं हत्यार उचलतो.

म्हणजे बघा. आपल्या देशात माणसाला माणसाशी रोटीबेटी व्यवहार करायला बंदी, आणि नाल्यात जंतू बिनदिक्कत व्यवहार करतात. उपमा जपून वापरतोय, कारण आम्हालाच किडामुंगी समजणारे या मुलखात कमी नव्हते. मुद्दा एवढाच की जंतूंना तुमची वेस कळत नाही. ब्राह्मणआळीचं आणि बौद्धवाड्याचं गटार शेवटी एकाच नदीत पडतं.

आता कुणी म्हणेल, हा कवी आहे, गोदी कामगार आहे, याच्या बोलण्याला पुरावा काय? घ्या पुरावा.

२००८ साली दिल्लीच्या दवाखान्यात राहून स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये नवं जनुक सापडलं. कार्बापेनेम म्हणजे दवाखान्यातली राखीव, भारी इंजेक्शनं. ती तोडणारं विकर हे जनुक बनवतं. त्याला नाव दिलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ, थोडक्यात एनडीएम-१. २०१० साली बोभाटा झाला आणि दिल्लीतले सत्ताधारी खवळले. कशावर? नावावर! देशाची बदनामी म्हणे. २०११ साली दिल्लीतलं पाणी तपासल्याचा अहवाल छापून आला. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते जनुक. नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ मध्ये. दिल्लीच्या नावाला डाग लागला म्हणून रडणारे दिल्लीच्या डबक्यासाठी रडले नाहीत. डबक्याशेजारी कोण राहतं, त्यांना ठाऊक होतं.

दिल्ली लांब वाटत असेल तर पुण्याला या. २०१७ साली मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाऊ शकणारी १७५ प्रकारची प्रतिरोध-जनुकं सापडली. शहराच्या वरच्या अंगाला जेवढी होती, त्याच्या ३० पट शहराच्या आत. दवाखान्यातल्या हट्टी संसर्गांसाठी कुप्रसिद्ध असलेलं ॲसिनेटोबॅक्टर घराणं काही ठिकाणी गाळातल्या जंतूंच्या २९ टक्क्यांपर्यंत. धरणातून नदी शहरात येते आणि शहरातून जाताना तीस पट विषारी होते. मधे काय असतं? नदीत सोडलेलं, नीट शुद्ध न केलेलं सांडपाणी. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा शेवटी कृष्णेला. तीच आमची कृष्णा.

महाबळेश्वरातून निघते, वाईच्या घाटावर तिचा उत्सव होतो, कऱ्हाडला कोयना तिच्यात येते, मग सांगली. प्रत्येक घाटावर आरती आणि प्रत्येक घाटाच्या आडबाजूला गटाराचं तोंड. आई म्हणायचं आणि आईच्या तोंडात घाण ओतायची, ही यांची संस्कृती. सांगलीत शेरी नाला कुणाला सांगायला नको. शहराची घाण कृष्णेत नेणारा नाला म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या गाजला. पाणी शुद्ध करून धुळगावला नेऊ, शेतीला देऊ अशी योजना आली, पैसा आला, निवडणुका आल्या नि गेल्या. शेरी नाला भाषणातून वाहत राहिला. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा चार दिवस बोंब झाली. मासा मेला की दिसतो, वास येतो. जनुक दिसत नाही, वासही येत नाही. म्हणून त्याच्यावर बोंब नाही.

शेजारी मिरज. १८९४ साली वॉन्लेसनं तिथं इस्पितळ काढलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. तीन जिल्ह्यांचे, कर्नाटकातले पेशंट तिथं येतात, बरे होऊन जातात. याचा अभिमान मलाही आहे. पण जिथं इतके दवाखाने तिथं भारी औषधं जास्त, चिवट जंतू जास्त. तिथलं सांडपाणी साध्या गटाराचं पाणी नव्हे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत दवाखान्यानं द्रव कचरा आधी शुद्ध करून मग सोडावा असं लिहिलंय. लिहिलंय. तपासतं कोण, कधी, आणि निकाल कुठल्या भिंतीवर लावतात? सांगलीच्या, सातारच्या कुठल्याही वॉर्डातल्या माणसाला हे विचारायचा हक्क आहे.

आणि ऑगस्ट २०१९ आठवतो ना? आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या घरात गेलं. गटार, संडास, गोठा, दवाखाना, स्वयंपाकघर, सगळं एक पाणी झालं. जंतूंना एवढी मोठी जत्रा कुठं मिळायची? पाणी ओसरलं. राहिला चिखल. तो उपसायला कोण उतरलं? पूर सगळ्यांना आला, गाळ आमच्याच वाट्याला आला.

गोदीत मी रोज एक गोष्ट बघतो. रिकामं जहाज तोल राखायला समुद्राचं पाणी पोटात भरून घेतं आणि हजारो मैलांवर जाऊन ओततं. त्या पाण्यातून जंतू देश बदलतात, म्हणून २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१७ पासून तो लागू आहे. जहाजाच्या पोटातल्या पाण्याची वही ठेवावी लागते, तपासायला अधिकारी चढतो. आत्ती अठरा वर्षं गुडघाभर ज्या पाण्यात उभी राहिली, त्याची वही कुठं आहे?

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात. कोण उतरतं? गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची सरकारनंच नोंद केली, २०२४ मध्ये आकडे बाहेर आले. त्यातले ६८.९ टक्के अनुसूचित जातीचे. शंभरात एकोणसत्तर! हा योगायोग नाही. ही मनूनं काढलेली आणि ठेकेदारानं पुढं चालवलेली नोकरभरती आहे.

आता पाण्याचा इतिहास सांगतो, कारण आमच्यासाठी पाणी कधीच नुसतं पाणी नव्हतं. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. १९०१ साली हेच पोर भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालं आणि मसूर स्टेशनवर उतरलं. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः बैलगाडी हाकली. डब्यात जेवण होतं, पाणी नव्हतं. वाटेत पाणी म्हणून जे दाखवलं तो गुराढोरांच्या शेणमुताचा चिखल होता. पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. पुढं २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आम्ही प्यायलो, तर यांनी ते शुद्ध करायला तळ्यात काय ओतलं? १०८ घागरी. शेण, गोमूत्र, दूध, दही. माणसानं हात लावलेलं पाणी अशुद्ध आणि शेण कालवलेलं पाणी शुद्ध! हे यांचं पाणीशास्त्र. अख्ख्या गावाची घाण नदीत सोडून वर आरती करणाऱ्यांचे आजे-पणजे हेच.

विटाळ विटाळ म्हणून हजारो वर्षं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं. तो विटाळ खोटा होता. खरा विटाळ आता नाल्यात तयार होतोय, आणि तो तुम्ही तयार केलाय. तो आधी आमच्या पायाला लागला. पण लक्षात ठेवा, तो तुमच्या अतिदक्षता विभागातही येईल. आलाच आहे. २०१९ साली जगात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळं १२ लाख ७० हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे. त्यातली तीन लाखांच्या आसपास भारतातली. जंतू तुमच्याकडं जातीचा दाखला मागत नाही.

आता डॉक्टरसाहेबांच्या वाक्याकडं परत येतो. त्यात काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो, हे खरं. आमचा माणूस पाच दिवसांऐवजी दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, हेही खरं. कारण बाकीच्या तीन दिवसांचे पैसे पीठमिठाला लागतात. पण बंगल्यातला माणूस साध्या सर्दीला भारी औषध मागतो आणि डॉक्टर देतो, ते कुठल्या वहीत लिहिता? कोंबडी लवकर वजनावर यावी म्हणून खाद्यात कॉलिस्टिन घालत होते. कॉलिस्टिन, माणसासाठी राखून ठेवलेलं अखेरचं औषध! सरकारनं त्याच्यावर बंदी घातली जुलै २०१९ मध्ये. कॉलिस्टिनला निकामी करणारं, जंतूकडून जंतूकडं जाणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं जाहीर झालं होतं २०१५ मध्ये. मधली चार वर्षं कुणी कोर्स अर्धवट सोडला होता?

हैदराबादजवळ पाटणचेरूला नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात तिथं मोजणी झाली. २००७ साली निकाल छापला. लिटरमागं ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. गोळी खाल्ल्यावर माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त औषध गटारात! गरिबाला गोळी महाग, गटाराला फुकट. पुढं जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मसुदा काढला, की औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात किती प्रतिजैविक चालेल याची मर्यादा ठरवू. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती मर्यादाच गायब! मधल्या दीड वर्षात कारखान्यांचा आवाज दिल्लीत पोचला असणार. आत्तीचा पोचायला पोस्टाचं तिकीट नव्हतं.

आणि हा घ्या सगळ्यात मोठा अर्धवट कोर्स. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच २०२१ चा आकडा. शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, त्यातलं शुद्ध होतं २०,२३६. शंभरातले अठ्ठावीस. बाकीचे बहात्तर नदीला. शंभर गोळ्यांच्या कोर्समधल्या अठ्ठावीस गोळ्या खाऊन सोडणाऱ्या पेशंटला तुम्ही अडाणी म्हणता. अठ्ठावीस टक्के पाणी शुद्ध करणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणता? स्मार्ट सिटी?

आत्तीच्या पायातला जंतू नाल्यातून आला की वॉर्डातून, हे मी सिद्ध करू शकत नाही. कुठूनही आलेला असो, तो तिच्या गोळ्यांतून आलेला नव्हता. एवढं सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही.

एक सावधगिरीही सांगतो. या प्रश्नाचं निमित्त करून उद्या कुणी म्हणेल, औषधंच आवळा. ते आपल्याला चालणार नाही. १९५४ साली सरकारनं पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा केला तो औषध गरिबापर्यंत जावं म्हणून. आजही वाडीवस्तीवर वेळेत औषध न मिळून पोरं मरतात. आम्हाला औषध कमी नको, नीट हवं. आणि नुसता शुद्धीकरण प्रकल्प बांधून फीत कापली म्हणजेही काम झालं नाही. प्रकल्प चालला तर जंतू पुष्कळ कमी होतात, पण जनुकं पुरती मरत नाहीत, गाळात राहतात. म्हणून दवाखान्याचं आणि कारखान्याचं पाणी मुळातच अडवायला पाहिजे.

शेवटचं आपल्याच पोरांना, थोडं कडू. आपण पुतळ्यासाठी रस्त्यावर येतो, नामांतरासाठी रक्त सांडलं, आरक्षणासाठी मोर्चे काढतो. काढलेच पाहिजेत. पण आपली आई-मावशी ज्या नाल्यात उभी आहे त्या नाल्यावर आपली एक तरी सभा झाली का? आपण म्हणतो, ते काम सोडा. बरोबर आहे. पण सोडेपर्यंत तिचा पाय कोण राखणार? नाला हा म्युन्सिपालटीचा विषय नाही, चवदार तळ्याचाच पुढचा विषय आहे. तेव्हा पाणी प्यायचा हक्क मागितला, आता त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क मागू.

आपण मागायचं ते असं. वाईपासून मिरजेपर्यंत कृष्णेचं पाणी आणि गाळ दर सहा महिन्यांनी प्रतिरोध-जनुकांसाठी तपासा आणि निकाल मराठीत, वॉर्डाच्या फलकावर लावा. प्रत्येक मोठ्या दवाखान्याच्या सांडपाण्याचा अहवाल उघडा करा. २०२१ मध्ये गायब केलेली मर्यादा परत आणा. गटारात माणूस उतरवणं बंद. तोवर जे या कामावर आहेत त्यांचं नाव मस्टरवर, पायात गमबूट, धनुर्वात आणि काविळीची लस फुकट, आणि जखम झाली तर पहिल्याच दिवशी पू तपासणी फुकट. आठव्या दिवशी नाही.

७ नोव्हेंबरला सातारच्या शाळेसमोर आपण दरवर्षी जमतो, हार घालतो. यंदा येताना प्रत्येकानं आपापल्या वस्तीतल्या नाल्याचं पाणी घट्ट बुचाच्या बाटलीत भरून आणा. बाटलीवर वस्तीचं नाव नि तारीख लिहा. हातमोजे घालून भरा. हार घालू, मग त्या बाटल्या घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ आणि टेबलावर ओळीनं मांडू. म्हणू, साहेब, हे तपासा. हा तुमचा रिपोर्ट आहे. आर कुणाच्या नावापुढं येतो ते बघू.

आत्तीनं विचारलंय, मला नेशील का? मी म्हणालो, नेतो. कुबड्या आहेत, वाट सरकारी आहे, आणि ७ नोव्हेंबरला अजून वेळ आहे.

जय भीम.